फोकसमामा आणि समोरची खिडकी

माझ्या मामाला गल्लीत कुणी नावाने हाक मारत नाही. तो फोकसमामा. मोटारसायकलचे पुढचे दिवे बदलायचे आणि त्यांचा झोत सरळ करून द्यायचा, एवढाच त्याचा धंदा. दुकान म्हणजे एक शटर, एक स्टूल आणि बल्बांच्या खोक्यांनी भरलेलं कपाट. मामी गेल्यापासून तो मागच्याच खोलीत राहतो. दुकानाच्या बरोबर समोर, अरुंद रस्त्यापलीकडे आमचं घर. घरात मी आणि मामाची थोरली बहीण, म्हणजे माझी आई. या बहीणभावांत कित्येक वर्षांचा अबोला.

आजोबा दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होते, त्या संध्याकाळी मामा उशिरा पोचला. पोचला तेव्हा सगळं संपलं होतं आणि त्याच्या हातात अजून ग्रीसचं फडकं होतं. गिऱ्हाइकाचा बल्ब अर्धवट बसवून कसा येणार, असं काहीतरी तो पुटपुटला. आई दारातच म्हणाली, "मग आता तरी कशाला आलास?" मामा आल्या पावली परत गेला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर दोन सुंभ, तेही समोरासमोर. मी मधल्यामधे अडकित्त्यातली सुपारी. दिवसभर मी फोनवर परक्यांच्या तक्रारी ऐकते, ती माझी नोकरी आहे, आणि घरी आलं की या दोघांची शांतता. खरं सांगते, तक्रारी परवडल्या.

मामाचं काम बघताना मलाच दमल्यासारखं होतं. गिऱ्हाईक येतं ते ठरवूनच येतं: पांढराशुभ्र बल्ब हवा, समोरच्याचे डोळे दिपले पाहिजेत. मामा तेच तेच सांगतो. पांढरा उजेड दुकानात छान दिसतो, धुक्यात मात्र नुसता पडदा उभा करतो. जरा पिवळसर घ्या. गाडीला झेपेल तेवढ्याच वॅटचा घ्या, नाहीतर होल्डर वितळेल. ऐकणारे ऐकतात, न ऐकणाऱ्यांना तो हवा तो देऊन मोकळा होतो. वाद घालायची ताकद आता त्याच्यात उरलेली नाही. मग मागची रबरी टोपी ओढायची, तारेची क्लिप सोडवायची, जुना बल्ब बाहेर, नवा आत. नव्याच्या काचेला तो बोट लावत नाही, फडक्यातच धरतो, कारण बोटाचा तेलकटपणा काचेवर राहिला की बल्ब तिथेच तापून लवकर जातो. बायकोला एवढं जपलं असतं तर बरं झालं असतं, असं तो स्वतःच म्हणतो आणि हसत नाही.

बल्ब बसला की फोकस. बाकीचे मेकॅनिक समोरच्या भिंतीवर खडूची रेघ मारतात आणि झोत त्या रेघेखाली आणतात. मामाच्या समोरची भिंत आमची. रेघ होती एकेकाळी. घराला रंग दिला तेव्हा गेली. पुन्हा मारायची गरजच पडली नाही. दिवेलागणीला मामा गाडी दुकानाच्या तोंडाशी उभी करून दिवा लावायचा. झोत वर गेला की तो आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट शेगडीपाशी उभ्या असलेल्या आईच्या डाव्या गालावर. आई खिडकीचं दार धाडकन लावायची. मामा स्क्रू पिळून झोत खाली घ्यायचा. थोड्या वेळाने आई दार उघडायची. उजेड गेलेला असला तर ते उघडंच राहायचं, नाहीतर पुन्हा धाडकन. बोलणं नसलेल्या त्या दोघांचं एवढंच बोलणं, पण रोजचं. मी एकदा मामाला म्हटलं, नवी रेघ मारून देते. तो म्हणाला, असू दे, चाललंय की.

गेल्या महिन्यात गिऱ्हाइकं परत यायला लागली. झोत लोकांच्या डोळ्यांत जातो, समोरून येणारे शिव्या घालतात. एकाची तर टक्कर होता होता टळली. मामाने बल्ब तपासले, क्लिपा तपासल्या, सगळं जागच्या जागी. मग बराच वेळ तो स्टुलावर बसून आमच्या खिडकीकडे बघत राहिला. खिडकी उघडी होती. तिचं दार कितीतरी दिवसांत वाजलंच नव्हतं, आणि त्याला वाटत होतं की आपला हात बसलाय, पहिल्याच फटक्यात जमतंय.

मी कामावरून आले तेव्हा तो आमच्या पायरीशी उभा होता. चपला काढलेल्या, पण आत यायचं धाडस नाही. हळूच म्हणाला, "ताईला नीट दिसतं का गं?"

मी म्हटलं, न दिसायला काय झालं, वय झालंय, थकलीये. भाजीत मीठ दोनदा पडतं कधी कधी. चहा कपाबाहेर ओतते. सुईत दोरा माझ्याकडून ओवून घेते. चालताना डावा खांदा चौकटीला आपटतो. बोलता बोलता मीच थांबले. एका छपराखाली राहून मला काही कळलं नव्हतं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. पुढे डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. डावा डोळा गेलाच, उजव्यात किलकिल्या दाराएवढं उरलंय, तेवढं राखू.

पण तेव्हा मामा मागे फिरला. त्याने एक गाडी दुकानाच्या तोंडाशी आणली आणि मला खुणेने आत जायला सांगितलं. मी आईच्या शेजारी जाऊन उभी राहिले. रस्त्यापलीकडून हाक आली, "ताई, फोकस वर जातोय का?"

आईच्या हातातला डाव खाली पडला. तिने फडक्याला हात पुसले, खिडकीकडे वळली, आणि मामाच्या शेजारच्या बंद शटरकडे बघत नेहमीच्या करड्या आवाजात म्हणाली, "डोळ्यांत येतोय. खाली घे."

गाडीचा दिवा बंद होता. मामाने तो लावलाच नव्हता.

मला रडू आलं आणि रागही आला, दोघांचाही. मामाने खिशातून पेचकस काढला, वाकला आणि त्या विझलेल्या दिव्याचा स्क्रू खरोखर पिळला.

"घेतला खाली," तो म्हणाला. "आता?"

"आता बरोबर." आईचा हात खिडकीच्या चौकटीवर दाराची कडी शोधत फिरत होता, ती काही सापडेना. शेवटी तिने नाद सोडला. म्हणाली, "मग आता तरी आत ये."

मामा रस्ता ओलांडून आला. आईने पावलांच्या आवाजाच्या रोखाने हात पुढे केला होता. मामाने आपल्या हाताकडे बघितलं, फडकं खांद्यावर टाकलं आणि ग्रीसने भरलेल्या उघड्या बोटांनी तिचा हात धरला.