निळंच दिसतं

पत्रकं छापताना बोटांना निळी शाई लागली, की आजही ती थाळी आठवते. नामांतराची चळवळ पेटलेली, शहराबाहेर कारखाने भराभर उठत होते. त्यातल्या एकानं जनुकं बदललेले जिवाणू चाचणीसाठी आपल्या शेतात सोडले होते. उन्हाळ्यात ते मातीतच मरतात, असं सांगून आता कारखानेवाल्यांना ते आमच्या गायरानात सोडायचे होते. तिथं मेंढ्या चरतात, हे त्यांच्या गावीही नव्हतं! मेंढ्या राखणारी मावशी गावच्या सभेत म्हणाली, "मेले का नाय, ते दावा आधी." मी तेव्हा कॉलेजात जिवाणूशास्त्र शिकत होतो. त्या जिवाणूंत ओळखीसाठी खुणेचं एक जनुक घातलेलं होतं. जिवंत असले, तर प्रयोगशाळेतल्या थाळीत निळे ठिपके उगवणार होते. मी हे सांगताच कारखान्याचा साहेब हसला, "तुम्हा नामांतरवाल्यांना सगळीकडं निळंच दिसतं!" भर मे महिन्यात, मातीला भेगा पडलेल्या असताना, त्याच्याच शेतातली माती आणून तपासली. पुढच्या सभेत निळ्या ठिपक्यांनी भरलेली थाळी त्याच्या नाकासमोर धरली. "साहेब, आता तुम्हाला काय दिसतंय?" साहेब चष्मा पुसू लागला. मावशीच पदर खोचून ओरडली, "जिती हायेत की हे मेले!" सभा हसून लोळली, गायरान वाचलं. तो निळ्याचा टोमणा अजून ऐकू येतो. मी म्हणतो, व्हय, दिसतं.