वहीतल्या खुणा आणि सागरगोटे

माझी थोरली सात वर्षांची असताना शेळीला चारा कापायला बसली आणि विळा तिच्या उजव्या तळहातात शिरला. नव्वदच्या दशकातली गोष्ट, आम्ही तेव्हा जाफराबादला राहायचो. औरंगाबादला ऑपरेशन झालं, टाके सुकले आणि मला वाटलं, सुटलो. पण बोटं वाकेनात. डॉक्टर म्हणाले, शीर जोडली आहे, पण ती आत चिकटत चालली आहे. रोज व्यायाम करा, तीन महिन्यांनी बघू, नाहीतर हात पुन्हा उघडावा लागेल. एवढ्याशा हातावर पुन्हा सुरी फिरू नये, एवढंच मला हवं होतं.

व्यायाम घेणाऱ्या बाई जालन्याला होत्या. दर मंगळवारी सकाळच्या एसटीनं आम्ही दोघी जायचो. बाई वयानं माझ्याहून लहान, पण आवाज हेडमास्तरणीचा. घरी दिवसातून पाच वेळा एकेक बोट वाकवायचं आणि दर वेळी वहीत एक खूण करायची, असा त्यांचा हुकूम. शिवाय मुलीला भरवायचं नाही, तिचं तिला जेवू द्यायचं.

मी मान डोलावली आणि घरी येऊन सगळं उलट केलं. बोट वाकवलं की ती किंचाळायची आणि मी बोट सोडून द्यायचे. दोनदा कसंबसं करायचे आणि खुणा पाच काढायचे. दुधात भाकरी कुस्करून माझ्याच हातानं भरवायचे. शेजारणी म्हणायच्या, लेकरासाठी किती करते. खोटं कशाला बोलू, मला ते गोड लागायचं.

दीड महिन्यानं बाईंनी कोन मोजायची पट्टी तिच्या बोटाला लावली, वही बघितली, पुन्हा पट्टी लावली.

"ताई, वही भरली, पण बोट तिथंच आहे," त्या म्हणाल्या.

मला राग आला. मी भांडायच्या तयारीत तोंड उघडलं, तेवढ्यात पोरीनं शांतपणे सांगून टाकलं, "आई दोनदाच करती अन् खुणा पाच काढती."

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मलाही चार शब्द सुनावता आले असते. त्यांनी वही मिटून बाजूला ठेवली आणि पोरीला विचारलं, मैत्रिणी सध्या काय खेळतात. सागरगोटे, ती म्हणाली, पण तिला आता कुणी खेळायला घेत नव्हतं. मग बाई माझ्याकडे वळल्या. तुम्हाला येतात का?

मला येतात का म्हणे. माहेरी तीर्थपुरीला माझ्याशी खेळायला पोरी घाबरायच्या. पाचही गोटे उडवून हाताच्या पाठीवर झेलायचे आणि एकही पडू द्यायचा नाही, यात माझा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं. मंग रोज खेळा, बाई म्हणाल्या, व्यायाम झाल्यावर, आणि तिनं उजव्याच हातानं. फक्त मुद्दाम हरू नका, पोरांना ते बराबर कळतं.

पहिल्या दिवशी तिला फरशीवरचा एक गोटाही उचलता येईना. मी जिंकले. दुसऱ्या दिवशीही जिंकले. ती रडायची, पण दुखल्याचं नाही, हरल्याचं रडायची, आणि ते रडणं मला सोसवत होतं. नवरा म्हणाला, एकदा जिंकू दे की तिला. मी त्याला स्वयंपाकघरात पिटाळलं. एक दिवस तिनं चिडून गोटे अंगणात फेकले, तेव्हा मी ते तिलाच वेचायला लावले, उजव्या हातानं. ताठ बोटांतून गोटे निसटतात हे तिच्या लक्षात आलं, तशी ती सांगायच्या आधीच बोटं वाकवायला बसू लागली. ओठ दाबून धरायची, पण थांबायची नाही. वहीत खुणा आता तीच करायची.

सांगितलेले तीन महिने भरल्यावर औरंगाबादच्या डॉक्टरांनी तिला मूठ वळायला सांगितली. करंगळी थोडी बाहेर राहिली, बाकीची बोटं तळहाताला टेकली. ऑपरेशनची गरज नाही, ते म्हणाले. मी बाहेर येऊन भिंतीला टेकले आणि पदरात तोंड घालून पोटभर रडले. इतकं हलकं मला तिच्या जन्मानंतर पहिल्यांदाच वाटलं.

स्टँडवर जाफराबादच्या गाडीला वेळ होता. तिनं पिशवीतून सागरगोटे काढले आणि आम्ही बाकड्याशेजारी खालीच बसलो. तिनं पाचही उडवले आणि हाताच्या पाठीवर पाचही झेलले. मग माझी पाळी. मी झेलायचं म्हणूनच उडवले होते, पण एक गोटा बोटावरून घरंगळून खाली पडला.

तिनं माझ्याकडे रोखून बघितलं. "मुद्दाम पाडलास?"

"न्हाई," मी म्हणाले. "बिलकुल न्हाई."

ती थोडा वेळ माझं तोंड निरखत राहिली. मग तिला पटलं. तिनं पडलेला गोटा उचलला, माझ्या हातावरचे चार काढून घेतले आणि पाचही उजव्या मुठीत धरून गाडीत चढली.