डॉक्टरांचं झाड

थंडी पडली की आमच्या घरात एकच माणूस खूश व्हायचा. माझे वडील. पौषातल्या पहाटे आम्ही गोधडीत मुटकुळी करून पडलेले असायचो, आणि अप्पा बाहेरून हात चोळत आत येऊन म्हणायचे, "आज झकास गारठा आहे. बोटं वळत नाहीत."

आई चुलीपुढून म्हणायची, "बोटं वळली नाहीत तर माझ्या अवऱ्याच्या वेलांना पाणी कोण घालणार? ती तुमची डॉक्टरीण?"

आई ज्या झाडाला डॉक्टरीण म्हणायची, ते ऑलिव्हचं होतं. अप्पा बंगळूरला दंडूकडच्या, म्हणजे छावणीकडच्या, एका बंगल्यात माळी होते. बंगल्याचे मालक डॉक्टर. ते लढाईत इटलीला गेले होते आणि येताना डब्यात घालून ते रोप घेऊन आले, असं अप्पा सांगायचे. मला डॉक्टर फारसे आठवत नाहीत. फक्त त्यांचा खोकला आठवतो. त्यांनी अप्पांना बजावलं होतं, याला फळायला थंडी हवी असते, दिवाळीनंतर याचं पाणी तोडत जा. आणि मरण्यापूर्वी बायकोला सांगितलं होतं, याला एकदा फळ धरू दे, तोवर कुणाला हात लावू देऊ नकोस.

झाड चांगलं वाढलं. पानं वरून हिरवी, खालून राखेसारखी. पण मोहर नाही, फळ नाही. दर वर्षी अप्पा म्हणायचे, "औंदा गारठा कमी पडला." आई म्हणायची, "त्या वांझोटीला शेणखत, आणि माझ्या नवलकोलला चुलीतली राख!"

पण आईलाही माहीत होतं की आम्ही त्या झाडाच्या जिवावर राहतो. मागच्या आवारात आमच्या दोन खोल्या होत्या, विहीर होती, आणि झाडाभोवती आईचे वाफे. नवलकोल, माठ, कुंपणावर अवरे, म्हणजे पावटा. डॉक्टरांच्या जावयाला त्या आवारात घर बांधायचं होतं. तो येऊन पावलांनी जागा मोजायचा. अम्मावरू, म्हणजे डॉक्टरांची बायको, त्याला एकच उत्तर द्यायच्या, "फळ धरल्याशिवाय नाही. मी शब्द दिला आहे." हे मलाही माहीत होतं. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे मला 'माहीत नव्हतं' असं म्हणता येणार नाही.

मी कॉलेजात गेलो. आमच्या घरातून कुणीही गेलं नव्हतं. मी वनस्पतिशास्त्र घेतलं ते अप्पांमुळेच. संध्याकाळी ते झारी घेऊन वाफ्यांवर फिरायचे आणि विचारायचे, "आज काय शिकवलं?" मी मागून बादली घेऊन जात सांगायचो. मुळं पाणी कशी ओढतात, पान श्वास कसा घेतं. ते मान डोलवायचे. कधी म्हणायचे, "हे आम्हालाही माहीत होतं रे. नाव माहीत नव्हतं."

श्रावणात एक दिवस वर्गात सरांनी सांगितलं की काही झाडांना मोहर यायला आठवडेच्या आठवडे कडक थंडी लागते. सफरचंदाचं उदाहरण दिलं, मग ऑलिव्हचं. तास संपल्यावर मी भीत भीत विचारलं, "सर, बंगळूरची थंडी पुरेल?" सर हसले. "बंगळूरची? कधीच नाही. झाड जगेल. पण फळाची आशा नको."

त्या संध्याकाळी अप्पांनी विचारलं, "आज काय शिकवलं?"

मी म्हणालो, "शेवाळाबद्दल."

मला वाटलं, मी दया करतो आहे. दिवाळी आली. अप्पांनी झाडाचं पाणी तोडलं आणि सकाळी उठून खोडावर हात ठेवून गारठा बघू लागले.

मग एका रविवारी अम्मावरू जावयाला घेऊन मागे आल्या. अप्पा झाडाशीच उभे होते. अम्मावरू कन्नडमध्ये मला म्हणाल्या, "काय रे, तू कॉलेजात झाडांचंच शिकतोस ना? तूच सांग. याला फळ धरेल का?"

मला आजवर त्या बंगल्यात कुणी काही विचारलं नव्हतं. जावई माझ्याकडे बघत होता. मी सरळ उभा राहिलो आणि सांगितलं. मोहर, थंडी, आठवडे, सगळं. मध्ये दोन इंग्रजी शब्दही घातले. शेवटी म्हणालो, "इथे कधीच धरणार नाही."

जावई म्हणाला, "बघा! मुलगा शिकलेला आहे." अम्मावरूंनी पदराने डोळे टिपले. त्यांना वाईट वाटलं की सुटल्यासारखं वाटलं, ते मला अजून सांगता येत नाही. त्या अप्पांकडे न बघता आत गेल्या.

अप्पांनी हळूच विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"श्रावणापासून."

"सरी," ते म्हणाले, म्हणजे बरं. मग झाडाकडे बघत म्हणाले, "मला आधी सांगायचं होतंस."

संक्रांतीनंतर झाड पडलं. लाकूड इतकं कठीण निघालं की तोडणाऱ्याने दोनदा कुऱ्हाडीला धार लावली. आईने कोवळे नवलकोल काढून शेजारी वाटले. अवरे शेंगांवर होते, ते कुंपणासकट गेले.

आम्ही राजाजीनगरात एका खोलीत आलो. अप्पांना एका कारखान्यात काम मिळालं, फाटकाजवळच्या हिरवळीला पाणी घालायचं. गवताला. घरी आल्यावर त्यांनी मला 'आज काय शिकवलं' असं पुन्हा कधी विचारलं नाही. मी आपण होऊन सांगू लागलो की ते ऐकायचे आणि म्हणायचे, "तुला ठाऊक असणार."

पुढे मी पास झालो. त्याच सुमारास त्यांनी दाराशी तेलाच्या डब्यात अवऱ्याचं बी लावलं. वेल पायरीवरून दोरीला चढला, पण लांबोडका आणि फिकट. समोरच्या भिंतीची सावली दिवसभर त्यावर असायची. मी पाहिलं त्याच दिवशी सांगितलं. या वेळी थांबलो नाही.

"अप्पा, याला ऊन पुरत नाही. शेंगा धरणार नाहीत."

"माहीत आहे," ते म्हणाले. तांब्या हळूहळू रिकामा करत होते. "संध्याकाळी पाणी घालायला काहीतरी पाहिजे ना."