फुलपुडीचा कागद

बायकोबरोबर मी शेवटचं काम केलं ते ओली शेवंती कागदात बांधून बघायचं. मखमलाबादला आमची थोडी फुलशेती. मी फुलं तोडायचो, ती पंचवटीत बसून फुलपुड्या विकायची. पुडीचा कागद एका शिक्षण संस्थेतून यायचा. त्यांचे वार्षिक अंक, अहवाल छापून उरले की रद्दीत निघत.

मी चौथीतून सुटलो, ती शाळेत गेलीच नाही. पण अंक कसा आहे ते ती ओलं बोट घासून सांगे. बोटाला शाई आली की नापास. संस्थेतला कारकून मुद्दाम विचारायचा, "मावशी, यंदाचा अंक कसा?"

"मागचा बरा. पाणी पीत होता."

"साहेबांनी ऐकलं तर रडतील."

"रडू दे. मागच्या अंकानं पुसा म्हणावं."

मजेचे दिवस होते. एकदा एक बाई पुडीवरची अर्धी गोष्ट वाचून पुढचं पान मागायला आली. हिनं तिच्यासाठी अख्खा गठ्ठा उपसला.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी संस्थेनं अंक गुळगुळीत कागदावर काढला, आत रंगीत फोटो. कारकुनानं एक गठ्ठा दिला. "वापरून बघा. सगळा माल घेणार का, ते परवापर्यंत सांगा."

संध्याकाळी ओट्यावर आम्ही एक पुडी जुन्या कागदात बांधली, एक नव्या. मला नवा आवडला. म्हटलं, "देखणा आहे. गिऱ्हाईक खूश होईल."

"गिऱ्हाईक फुलं नेतं, चित्रं नाय." जेवणं झाल्यावर तिनं पुड्या सोडल्या. नव्या कागदात पाणी तसंच साचलेलं, पाकळ्या चिकटलेल्या. "देवापुढं असली फुलं ठेवायची का? परत देऊन ये."

"तुला लय कळतं."

"मग काय तुला कळतं?"

त्या रात्री ती झोपेतच गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी गोदाकाठी सगळं उरकलं.

त्याच्या पुढच्या सकाळी मी गठ्ठा सायकलला बांधला. मेहुणा आडवा आला. "दाजी, सुतकात कुठं निघालात?"

"निरोप द्यायचाय."

सुतक म्हणून संस्थेच्या फाटकाबाहेरच थांबलो, हाक मारली. कारकून आला. "मावशी नाही आल्या?"

"परवा रात्री गेली."

तो फाटक उघडून बाहेर आला. मग म्हणाला, "काका, कागदाचं राहू द्या हो. नंतर बघू."

"नंतर काय बघायचं? तिनं बघितलाय. अंक वाईट आहे. छापणाऱ्याला सांगा," असं म्हणून मी गठ्ठा सोडून फाटकाशी ठेवला.