मधला थर भरीव, तळ किंचित कोरडा

हेडफोनच्या बाबतीत मी नको तितका गंभीर माणूस आहे. नांदेडच्या आमच्या घरी कुकरची शिट्टी झाली तरी ती मला वरच्या पट्टीत जरा टोचते आणि मी तसं बोलूनही दाखवतो. बायको म्हणते, "मत लिहून ठेवा, पण आधी गॅस बंद करा." इंटरनेटवर आमच्यासारख्या रिकामटेकड्यांचा एक ग्रुप होता. कुणी नवे हेडफोन घेतले की त्यानं आठवडाभर ऐकायचं आणि आपला अनुभव इमानेइतबारे लिहायचा, तोही शुद्ध मराठीत, असा आमचा नियम होता. तो पाळताना आम्ही काय काय शब्द वापरले ते आठवलं की आज माझं मलाच हसू येतं.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात मी प्लेनर मॅग्नेटिक हेडफोन घेतले. फार महाग नव्हते, पण बायकोला खरी किंमत सांगता येईल इतके स्वस्तही नव्हते. यात पापडाहून कितीतरी पातळ असा एक पडदा असतो, त्याच्या बाजूला लोहचुंबकाच्या पट्ट्या असतात, आणि आवाज निघतो तेव्हा तो पडदा सगळाच्या सगळा थरथरतो. कानावरच्या वाट्यांना मागून जाळी असते, त्यामुळे आपण ऐकतो त्यातलं थोडं शेजारच्यालाही ऐकू जातं. वजन म्हणाल तर डोक्यावर पितळी तांब्या पालथा घातल्यासारखं. तरी मी बेहद्द खूश होतो.

नेमकं त्याच आठवड्यात बायकोला माहेरी, उदगीरला जायचं होतं. मी हेडफोन, वही आणि छोटा अॅम्प्लिफायर पिशवीत घातला आणि निघालो.

उदगीरला तेव्हा दोनच विषय होते, पाणी आणि नवा जिल्हा. उदगीर जिल्हा होणार ही बातमी दर पंधरा दिवसांनी पक्की व्हायची. माझे सासरे, म्हणजे मामा, त्यांचं घराच्याच पुढच्या भागात किराणा दुकान होतं आणि जिल्ह्याचा बराचसा निर्णय तिथेच व्हायचा. मामांचा हिशेब सरळ होता. "जिल्हा झाला की कलेक्टर येणार. कलेक्टरला आंघोळीला पाणी लागणार. म्हंजे पाइपलाइन आलीच की न्हाई?" यावर दुकानातले सगळे माना डोलवायचे.

पण कलेक्टरची वाट बघण्याइतका धीर मामांनाही नव्हता. घरामागच्या अंगणातली जुनी बोअर आटली होती आणि नवी घ्यायची ठरली होती. बोअरची गाडी परवा यायची होती, ती एका दिवसासाठी. एकच भोक पाडायचं, ते कोरडं गेलं तर पुन्हा नंबर पावसाळ्यानंतर. आम्ही पोचायच्या आदल्या दिवशी पाणाड्या येऊन गेला होता. तळहातावर नारळ धरून तो अंगणभर फिरला आणि नारळ उभा राहिला तो बरोब्बर बेलाच्या झाडापाशी. म्हणाला, पाणी हितंच हाय, झाड तोडावं लागतंय.

तो बेल मामींचा होता. सासूबाई म्हणजे मामी रोज सकाळी त्याची पानं गळ्यातल्या इष्टलिंगाच्या पूजेला घ्यायच्या. भांडी विसळलेलं पाणी त्या दुसऱ्या कुणाला टाकू द्यायच्या नाहीत, ते बेलाला जायचं. झाड तोडायचं ठरल्यापासून त्या कुणाशी भांडल्या नाहीत, फक्त बोलायच्या थांबल्या होत्या. अख्ख्या घराला त्याचा त्रास होत होता.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी आपला दुपारी बेलाच्या सावलीत खुर्ची टाकली, हेडफोन चढवले, संतूर लावली आणि डोळे मिटले. मधूनच वहीत लिहायचो, पुन्हा डोळे मिटायचो. डोळे उघडले तेव्हा मामा शेजारी उभे होते आणि माझी वही त्यांच्या हातात होती. ते मोठ्यानं वाचत होते.

"वरचा थर स्वच्छ, पण जरा टोकदार. मधला थर भरीव, ओलावा चांगला. खाली खूप खोल जातो. तळ लागतो, पण किंचित कोरडा."

त्यांनी वही मिटली आणि माझ्याकडे बघितलं. लग्न झाल्यापासून इतक्या आदरानं त्यांनी माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं.

"जावईबापू, ह्या मशीनला काय म्हंतेत?"

"प्लेनर मॅग्नेटिक."

"मॅग्नेट म्हंजे लोहचुंबक." मामा वाकले आणि कान माझ्या कानाजवळ आणला. जाळीतून संतूर पाझरत होती. त्यांचे डोळे मोठे झाले. "आरं देवा! आतून झुळझुळायलंय!"

मी सांगायला हवं होतं, मान्य आहे. मी तोंड उघडलंही होतं. पण तोवर मामांनी बोअर, नारळ आणि बेल असं सगळं एका दमात सांगून कुंपणापलीकडच्या चाचांना हाक मारली होती. चाचा शिवणकाम करायचे, गळ्यात मोजपट्टी तशीच ठेवून आले. मामांनी त्यांना "नव्या जिल्ह्यातलं पयलं मशीन" म्हणून माझी ओळख करून दिली. हेडफोनची नव्हे, माझी. चाचांनी अॅम्प्लिफायरमधून वायर उपसून निरखली, तिचं सोनेरी टोक बघितलं आणि मला कळायच्या आत ते मुरमाच्या जमिनीत खुपसलं. "जावईसाब, अब सुनो," ते म्हणाले. "फिर हमारे आंगन का भी सुन लेव."

त्या सोनेरी पिनेसाठी मी आठवडाभर मऊ कापड शोधत होतो.

मग सगळे माझ्या तोंडाकडे बघू लागले. गळ्यात मोजपट्टी घेतलेले चाचा, कमरेवर हात ठेवलेले मामा आणि दारात माझी बायको. तिला सगळं कळत होतं आणि ती पदर तोंडात कोंबून उभी होती. मामी चहाचा कप घेऊन माझ्याजवळ आल्या. दोन दिवसांत पहिल्यांदा बोलल्या, आणि तेही इतक्या हळू की मला वाट्या कानावरून सरकवाव्या लागल्या.

"बेलाखाली न्हाई ना ओ पाणी?"

प्रश्न तसा साधा होता. पण विचारताना त्यांचा दुसरा हात बेलाच्या खोडावर होता. मी पुन्हा हेडफोन चढवले, डोळे मिटले. आत काहीच नव्हतं, नुसता माझ्याच नाडीचा ठोका. मी मुद्दाम जरा वेळ लावला. मग उठलो, मातीत खुपसलेली वायर सोडवली, धुण्याच्या दगडापर्यंत चालत गेलो, तिथे ती पिन स्वतःच्या हातानं जमिनीत घातली (हे लिहितानाही जिवावर येतं) आणि म्हणालो, "इथं आहे. बेलाखाली कोरडं."

"पाणाड्या तर तिकडं म्हणला," मामा म्हणाले.

"नारळाला मधला थर कळत नाही, मामा."

हे वाक्य कुठून आलं ते देव जाणे.

ठरल्या दिवशी गाडी आली. धुण्याच्या दगडापाशी सकाळी जे सुरू झालं ते दुपारपर्यंत चाललं. गाडीवाले दांड्याला दांडा जोडत राहिले आणि भोकातून पांढरी भुकटी उडत राहिली. अंगण, चाचांचं मशीन, दुकानातला गूळ, सगळं पांढरं झालं. पाणी सोडा, चिखलसुद्धा निघाला नाही. गाडी गेली. मामा दगडावर बसून अंगावरची भुकटी झटकत राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पावसाळ्यापर्यंत हे घर टँकरवर राहणार होतं आणि ते माझ्यामुळे. बेलाखाली पाणी होतं की नव्हतं, हे मला आजही माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही नांदेडला निघालो. मामा ओसरीवर पान लावत होते. मी धीर एकवटून त्यांना खरं सांगायला निघालो होतो, तेवढ्यात मामी आल्या आणि म्हणाल्या, "मला बी ऐकू द्या की त्यातलं." मी त्यांच्या डोक्यावर हेडफोन ठेवले आणि संतूर जरा मोठ्यानंच लावली. त्यांचा चेहरा फुलला. त्या माझ्याकडे झुकल्या, तोंडावर हात धरला आणि कानात गुपित सांगावं तसं, पण चार घरं ऐकतील एवढ्या आवाजात म्हणाल्या,

"जावईबापू! तुमी खोटं बोल्लात ते लई बरं केलात! माझा बेल वाचला!"

कुंपणापलीकडे चाचांचं मशीन थांबलं. बायकोच्या हातातली पिशवी खाली पडली. मी मामांकडे बघायची हिंमत केली. ते पानाला चुना लावत होते.

"आवाज कमी करा तिचा," ते म्हणाले. "गाणी ऐकायचं मशीन हाय ते, दुकानदाराला कळत न्हाई व्हय? पाणाड्यानं जागा दावली तवापासून झोप न्हाई मला. त्या झाडाला कुऱ्हाड लावायची माझी छाती झाली असती, तर तुमाला कशाला इचारलं असतं?"