चिंचोक्यांचा डाव

शनिवार, १९ मे १९७३, दुपारचे सव्वादोन. छावणीतल्या कडुनिंबाखाली डाव सुरू झाला, आणि तो नेहमीप्रमाणे म्हणाला, "पत्ते झाकताल. आंगठा कुटं झाकताल?"

दुष्काळात आमच्या सोसायटीने पाटोद्याजवळ जनावरांची छावणी चालवली होती. मी सोसायटीचा सचिव. अंगठ्याचे बोलणारा तो, एका गाभण गाईचा मालक. दुपारी तीन पत्तीचा डाव पडे. पणाला चिंचोके. संध्याकाळी ते भाजून सगळेच खात, त्यामुळे हरण्याचे दुःख कोणाला नसे.

कोणी पत्ते खेळत असेल तर तुम्हीही पाहा. चेहरा पाहू नका. पान चांगले असले की अंगठा स्वस्थ राहतो, वाईट असले की कड घासतो. हे त्याचे शास्त्र.

"तुज्याकडं काईच न्हाई बे," तो सांगे, आणि ते खरे निघे.

"अबे, तू खेळतो का नाडी बघतो?" गडी चिडत.

बुधवारपासून मी डावाला गेलो नव्हतो. त्या दिवशी वरून पत्र आले होते: चारा संपला, सोमवारी छावणी बंद. गोंधळ नको म्हणून अध्यक्षांनी मला गप्प राहायला सांगितले. चारा निम्मा केला. ट्रक उशिरा येत आहे, असे मीच लोकांना सांगितले. भीती फक्त त्याच्या नजरेची होती.

छावणी मोडली तर गाय गोदाकाठी बहिणीकडे न्यायची, असे त्याने ठरवले होते. पायी दोन दिवसांची वाट. शनिवारी सकाळी गाय बसली ती उठेना. डॉक्टरला निरोप गेला होता. डॉक्टर येईपर्यंत त्याने डाव कडुनिंबाखाली तिच्याशेजारीच मांडला.

"भाऊसाहेब, रुसलाव का? या की."

जावे लागले. मला तीन राजे आले. तो माझ्या हाताकडे पाहत राहिला.

"पत्ते झ्याक हायत. मग आंगठा कावून घासताव?"

मी अंगठा पत्त्यांमागे घेतला.

"छावणी उठायलीय?"

मी मान हलवली.

"कवा कळलं?"

"बुधवारी."

त्याने आपले पत्ते पालथे ठेवले. "बुधवारी गाय चालत हुती," एवढेच म्हणाला.

मग तो दावणीदावणीने फिरला. "आजच निघा," प्रत्येकाला सांगितले.

"कुनी सांगितलं तुला?"

"पत्त्यांनी."

माझे नाव त्याने घेतले नाही. डॉक्टर आला नाही. दिवेलागणीच्या आधी गाय गेली.

त्यानंतर तो मला कधी दिसला नाही. मी पत्त्यांना हात लावलेला नाही.

निघण्यापूर्वी त्याने खुंटा उपटला, दावे गुंडाळून खांद्यावर टाकले. मग तो खाली बसला, आणि दुसऱ्या कोणाच्या जनावराचा पाय अडकू नये म्हणून खुंट्याचे भोक मातीने भरून अंगठ्याने दाबून घेतले.