ताप उतरल्यावर

पाण्याला वास येतो अशी कुणी तक्रार केली की तो वॉल्व्हच्या खड्ड्यात वाकायचा, गळणाऱ्या पाण्याची ओंजळ भरायचा आणि सगळ्यांसमोर पिऊन दाखवायचा. "पाहा! मी पेलो. मेलो काय?"

राजापेठेमागच्या आमच्या वस्तीत पाणी सोडणारा हा माणूस. खांद्यावर लोखंडी किल्ली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. आमची पाइपलाइन नालीच्या पोटातून जाते. ती फुटली तिथे पाणीपुरवठा ऑफिसने सायकलची ट्यूब गुंडाळली आणि कागदावर 'दुरुस्त' लिहिलं. अशा दुरुस्त्या तुम्हीही पाहिल्या असतील. लाज वाटायला हवी होती ऑफिसला, वाटायची याला. म्हणून ती ओंजळ.

मी तेव्हा टायफाइडची पत्रकं वाटत होते. त्याने एक मोठ्याने वाचलं. जंतू पाण्यातून आतड्यात, तिथून रक्तात, मग यकृत, प्लीहा करून पुन्हा आतड्यात.

"म्हंजे त्याईचीबी फिरती ड्यूटी हाय, ताई! सुट्टी भेटते काय त्याईले?"

"काका, हसू नका. पाणी उकळून प्या."

"मीच उकळून पेलो तं लोक काय म्हनतीन?"

मग ताप त्यालाच आला. रोज संध्याकाळी कालच्यापेक्षा चढा. जिभेवर पांढरा थर, पोट फुगलेलं, अन्नावरची वासना गेलेली. दोन आठवडे त्याने ते अंगावर काढलं. शेवटी डॉक्टरांनी रक्त तपासून गोळ्या दिल्या आणि बजावलं, ताप उतरला तरी गोळ्या सोडायच्या नाहीत, आत आतड्याला जखमा आहेत, आराम करा.

इकडे नळ कोरडे. कोणता वॉल्व्ह कुठली गल्ली भिजवतो, याचा नकाशा ऑफिसकडे नव्हताच. तो याच्या डोक्यात होता. वस्तीने फोनवर फोन केले. "काका, कधी येता?" मीही केला. पत्रकवालीने.

गोळ्यांच्या पाचव्या दिवशी ताप उतरला आणि हा किल्ली घेऊन हजर.

"गोळ्या?"

"ताप गेला, आता गोया कायले? त्यानं चक्कर येते, ताई. खड्ड्यात वाकाव लागते."

दोन दिवसांनी किल्ली फिरवतानाच तो पोट धरून खाली बसला. आतडं फुटलं होतं. पोट फळीसारखं कडक. ऑटोत माझा हात धरून म्हणाला, "वॉल्व्ह अर्धाच खुलला. खालच्या गल्लीले पानी कमी भेटन."

ऑपरेशन झालं, पण विष रक्तात पसरलं होतं. तिसऱ्या दिवशी तो गेला. ऑफिसचं म्हणणं, बाहेरचं काही खाल्लं असेल.

तेराव्याआधी त्याच्या नावाने नोटीस आली. आजारपणातले दिवस विनापरवानगी गैरहजर. सात दिवसांत खुलासा करा. त्याची बायको, आमच्या काकू, ती घेऊन माझ्याकडे आल्या.

"तुमाले लिवता येते, लिवा."

"काय लिहू, काकू?"

"लिवा, घरी होता तवा जिता होता. हजर व्हायले गेला अन् मेला."

तसंच लिहिलं. बोलावणाऱ्यांत मीही होते, हेही खाली लिहिलं. ऑफिसातल्या बाबूने न वाचता शिक्का मारला.